अडलेलं अपडेट: स्वतःची वेबसाइट स्वतः चालवणाऱ्यांसाठी एक आढावा

आपली वेबसाइट आपणच चालवायची, असं ठरवणाऱ्या लहान संस्था महाराष्ट्रात गावोगावी आहेत. सार्वजनिक वाचनालयं, शाळा, छोटे प्रकाशक, दिवाळी अंक, नाट्यसंस्था, ट्रेकिंगचे ग्रुप. होस्टिंगचे वर्षाचे पैसे भरायचे, त्यावर वर्डप्रेस बसवायचं, ओळखीतल्या एखाद्याकडून थीम लावून घ्यायची आणि मजकूर टाकायला लागायचं. काही महिने सगळं सुरळीत चालतं. मग डॅशबोर्डवर अपडेटची सूचना येते, कुणीतरी बटण दाबतं आणि साइटच्या जागी कोरं पान दिसू लागतं. ओळखीतला माणूस दोन दिवसांनी ती कशीबशी सुरू करून देतो. त्यानंतर संस्थेत एक अलिखित नियम होऊन बसतो: त्या बटणाला हात लावायचा नाही.

या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत मोठं नुकसान म्हणजे हा नियम, असं मला वाटतं. फसलेलं अपडेट बहुतेक वेळा तासा-दोन तासांत निस्तरता येतं. अपडेटची भीती मात्र वर्षानुवर्षं टिकते आणि तिची किंमत पुढे कधीतरी एकरकमी चुकती करावी लागते. शिवाय अपडेट फसतं तेव्हा दोष क्वचितच त्या अपडेटचा असतो. भरत आलेली डिस्क, चुकीच्या परवानग्या, मागे पडलेली पीएचपी, कधीच तपासून न पाहिलेला बॅकअप असं काहीतरी आधीपासून बिघडलेलं असतं, आणि अपडेटच्या दिवशी ते पहिल्यांदा उघडं पडतं.

हा आढावा वर्डप्रेस या प्रणालीच्या निमित्तानं घेणं सोयीचं आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट्स तिच्यावर चालतात, तिचा कोड सर्वांना खुला आहे आणि तिथे झालेल्या चुकांची कारणंही तिच्या विकसकांनी जाहीरपणे नोंदवून ठेवली आहेत. ड्रुपल, जूमला किंवा अशाच दुसऱ्या प्रणालीवर साइट चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

सोय आधी आली, सुरक्षितता नंतर

मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली. पहिली काही वर्षं अपडेट म्हणजे पुरता हातानं करायचा उद्योग होता. नवी झिप फाइल उतरवायची, प्लगइन्स बंद करायची, एफटीपीनं जुन्या फाइल्सवर नव्या चढवायच्या आणि मग एक ठरावीक पान उघडून डेटाबेस सुधारून घ्यायचा. मार्च २००८ मधल्या २.५ आवृत्तीत प्लगइन एका क्लिकवर अपडेट होऊ लागलं, डिसेंबर २००८ मधल्या २.७ मध्ये खुद्द वर्डप्रेसही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ३.७ आली आणि सुरक्षेची लहान अपडेट्स कुणालाही न विचारता आपोआप बसू लागली.

फसल्यावर सावरण्याची सोय मात्र बऱ्याच उशिरा आली. मे २०१९ मध्ये ५.२ आवृत्तीनं ‘रिकव्हरी मोड’ आणला. एखादं प्लगइन कोसळलं तर प्रशासकाला ईमेलनं खास दुवा जातो, आणि त्या दुव्यावरून आत गेल्यावर ते प्लगइन तेवढ्यापुरतं थांबवून डॅशबोर्ड उघडता येतो. ऑगस्ट २०२३ मधल्या ६.३ पासून हातानं केलेलं प्लगइनचं वा थीमचं अपडेट मध्येच फसलं, तर बाजूला ठेवलेली जुनी प्रत जागेवर परत येते. जुलै २०२४ मधल्या ६.६ नं ही सोय प्लगइनच्या आपोआप होणाऱ्या अपडेट्सना दिली. चालू प्लगइन बदलल्यावर वर्डप्रेस आपलंच मुखपृष्ठ उघडून बघतं आणि घातक त्रुटी (फेटल एरर) दिसली तर जुनी आवृत्ती पुन्हा बसवतं.

म्हणजे एका क्लिकची सोय २००८ सालची आणि कोसळलेली साइट सावरण्याची अंगभूत सोय २०१९ सालची. मधल्या अकरा वर्षांत ज्यांच्या साइट्स पडल्या, त्यांच्या मनात बसलेली धास्ती खरीच होती. पण आजही त्याच अनुभवावर विसंबून निर्णय घेणं बरोबर नाही, कारण तेव्हा हाताशी नसलेली बरीच साधनं आता आहेत.

बटण दाबल्यावर काय घडतं

दुरुस्तीची सुरुवात एका प्रश्नापासून होते: अपडेट नेमकं कुठे अडलं? ‘साइट चालत नाही’ एवढ्यावरून कुणालाच काही करता येत नाही. बटण दाबल्यावर होणारी कामं ठरलेल्या क्रमानं होतात, आणि प्रत्येक कामाचं अडणं वेगळं दिसतं.

पहिल्यांदा सर्व्हर नव्या आवृत्तीची झिप फाइल उतरवून घेतो. मग ती वर्डप्रेसच्या कंटेंट फोल्डरमधल्या ‘अपग्रेड’ नावाच्या तात्पुरत्या जागी उलगडली जाते. साइटच्या मुळाशी ‘डॉट मेंटेनन्स’ नावाची छोटीशी फाइल तयार होते. ती असेपर्यंत येणाऱ्या वाचकाला ‘देखभालीसाठी थोडा वेळ बंद’ एवढाच संदेश दिसतो. नंतर नव्या फाइल्स जुन्यांच्या जागी जातात. शेवटी ती छोटी फाइल पुसली जाते आणि गरज असेल तर डेटाबेसची रचना बदलली जाते.

यातल्या दोन बारकाव्यांनी पुष्कळ वेळ वाचतो. एक म्हणजे ‘डॉट मेंटेनन्स’ फाइलमध्ये ती तयार झाल्याची वेळ लिहिलेली असते, आणि दहा मिनिटं उलटल्यावर वर्डप्रेस तिच्याकडे स्वतःच दुर्लक्ष करतं. अपडेट मध्येच तुटलं म्हणून ती मागे राहिली असेल, तर एफटीपीनं किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून पुसली की काम झालं. नावाच्या सुरुवातीला टिंब असल्यामुळे ती लपलेली असते, म्हणून फाइल मॅनेजरमध्ये लपलेल्या फाइल्स दाखवण्याचा पर्याय आधी चालू करावा लागतो. पण तासाभरानंतरही वाचकांना तोच संदेश दिसत असेल, तर वर्डप्रेसकडे बघण्यात अर्थ नाही. ते जुनं पान कुठल्यातरी कॅशमधून दिलं जातंय आणि तो कॅशच रिकामा करायला हवा.

दुसरा बारकावा आवृत्तीच्या क्रमांकाचा. खुद्द वर्डप्रेसचं अपडेट होताना, ज्या फाइलमध्ये हा क्रमांक लिहिलेला असतो ती मुद्दाम सगळ्यांत शेवटी बदलली जाते, म्हणजे बाकी सगळं जागेवर गेल्याशिवाय अपडेट पूर्ण झाल्याची नोंद होत नाही. त्यामुळे डॅशबोर्डवर जुना आकडा दिसत असला, तरी निम्म्या फाइल्स नव्या झालेल्या असू शकतात. अशा अर्धवट साइटवर अकारण चुका दिसू लागतात, कारण नवी फाइल ज्या नव्या फंक्शनला हाक मारते ते जुन्या फाइलमध्ये नसतंच. यावर उपाय म्हणजे डॅशबोर्डच्या अपडेट पानावरून तीच आवृत्ती पुन्हा बसवणं. कमांड लाइन वापरता येत असेल तर ‘डब्ल्यूपी-सीएलआय’ हे साधन प्रत्येक फाइलचा चेकसम अधिकृत आवृत्तीशी ताडून बघतं आणि वेगळी निघालेली फाइल नावानिशी सांगतं. घुसखोरानं एखाद्या मूळ फाइलमध्ये बदल केला असेल, तर तोही याच तपासणीत सापडतो.

जागा, मालकी आणि वेळ

फाइल उतरताना किंवा उलगडताना अडलेल्या अपडेटची कारणं बहुधा सर्व्हरवर सापडतात. सर्वांत सामान्य कारण जागेचं. स्वस्त शेअर्ड होस्टिंगमध्ये मर्यादा दोन असतात, एक गिगाबाइटची आणि दुसरी फाइल्सच्या संख्येची. ही दुसरी मर्यादा फार थोड्या जणांना माहीत असते. कॅश करणारी प्लगइन्स आणि वर्षानुवर्षं साचलेली मेलबॉक्स लाखभर बारीक फाइल्स सहज जमवतात. मग डिस्क अर्धी रिकामी दिसत असतानाही सर्व्हर नवी फाइल तयार करू देत नाही. ‘फोल्डर तयार करता आलं नाही’ किंवा ‘झिप फाइल सदोष आहे’ असा संदेश आला, तर पहिल्यांदा होस्टिंगच्या पॅनेलमध्ये हे दोन्ही आकडे बघावेत. झिप सदोष निघते ती पुष्कळदा अर्धवट उतरल्यामुळे.

दुसरं कारण मालकीचं. अपडेट करताना वर्डप्रेस अचानक एफटीपीचं नाव आणि पासवर्ड मागू लागलं की बरेच जण गोंधळतात. त्यामागची तपासणी साधी आहे. वर्डप्रेस एक तात्पुरती फाइल तयार करतं आणि तिचा मालक व वर्डप्रेसच्या स्वतःच्या फाइलचा मालक एकच आहे का ते बघतं. दोघे वेगळे निघाले, तर थेट लिहिणं सुरक्षित नाही असं समजून ते दुसरा मार्ग मागतं. साइट एका सर्व्हरवरून दुसरीकडे हलवताना फाइल्स मुख्य प्रशासकाच्या नावानं कॉपी झाल्या की हमखास असं होतं. इथे उपाय म्हणजे मालकी दुरुस्त करून घेणं. फोल्डर्सना ७५५ आणि फाइल्सना ६४४ या परवानग्या साधारणपणे पुरेशा असतात. वैतागून सगळ्याला ७७७ देण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो मुळीच ऐकू नये. त्यामुळे अपडेट होईल, पण त्या सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रक्रियेला तुमच्या फाइल्स बदलण्याची मुभा मिळेल.

तिसरं कारण वेळेचं आणि मेमरीचं. पीएचपीची मूळ मर्यादा तीस सेकंदांची असते. अपडेटपुरती ती वाढवण्याचा प्रयत्न वर्डप्रेस करतं, पण होस्टिंगनं वरून घातलेली बंधनं त्याला ओलांडता येत नाहीत. वीस प्लगइन्सवर एकदम खूण करून ‘सगळी अपडेट करा’ म्हटलं की गाडी अशीच मध्ये अडते. एकेक करून घेतलं तर वेळ पुरतो, आणि बिघडलंच तर कशामुळे ते लगेच कळतं.

आपोआप होणारं अपडेट कधी सुरूच होत नाही, त्याचीही कारणं ठरलेली आहेत. वर्डप्रेसचं वेळापत्रक वाचकांच्या येण्यावर चालतं. पान उघडलं गेलं की मुदत झालेली कामं केली जातात. दिवसभर कुणी फिरकतच नसेल, तर रात्री दोनचं काम दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. साइटच्या फोल्डरमध्ये गिटसारखी आवृत्ती-नियंत्रणाची खूण सापडली, तर वर्डप्रेस स्वयंचलित अपडेट मुद्दाम टाळतं. आणि एखाद्या जुन्या विकसकानं कॉन्फिग फाइलमध्ये अपडेट बंद करणारी ओळ लिहून ठेवली असेल, तर पुढच्या माणसाला ती शोधल्याशिवाय काही उमगत नाही.

अपडेट पूर्ण झालं, साइट पडली

आता घाबरवणारा प्रकार. सगळ्या फाइल्स नीट बसल्या, संदेशही हिरवा आला, आणि साइट उघडेना. इथे कारण बहुधा विसंगतीचं असतं. प्लगइन, थीम, वर्डप्रेस आणि पीएचपी यांच्यापैकी एक जण पुढे गेला आणि दुसरा मागे राहिला.

पीएचपी ८.० नोव्हेंबर २०२० मध्ये आली तेव्हा ‘क्रिएट फंक्शन’ आणि ‘ईच’ ही दोन जुनी फंक्शन्स भाषेतून काढून टाकली गेली. ती जाणार असल्याचा इशारा २०१७ सालच्या ७.२ आवृत्तीपासूनच दिला जात होता. पण ज्या थीमचा कर्ता केव्हाच दुसऱ्या कामाला लागला होता, तिच्यात तो इशारा वाचणारं कुणी नव्हतं. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला, होस्टिंग कंपन्या एकेक करून पुढच्या आवृत्तीवर जाऊ लागल्या, आणि ज्यांनी कुठल्याच बटणाला हात लावला नव्हता अशांच्याही साइट्स पडल्या. आपण थांबलो तरी खालची जमीन सरकत राहते. अपडेट न करण्यानं स्थैर्य मिळतं ही समजूत इथेच खोटी ठरते.

ऑगस्ट २०२० मधली ५.५ आवृत्तीही अशीच अनेकांच्या लक्षात राहिली. जुन्या जेक्वेरीवर लिहिलेला कोड चालू ठेवणारा ‘मायग्रेट’ नावाचा दुवा त्या आवृत्तीत काढून घेण्यात आला, आणि असंख्य थीम्समधले स्लायडर, मेनू आणि बटणं निकामी झाली. तेव्हा वर्डप्रेसच्याच कार्यकर्त्यांनी तो दुवा तात्पुरता परत जोडणारं प्लगइन दिलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये अशा बिघाडाचा मागमूस नसतो, कारण चूक वाचकाच्या ब्राउझरमध्ये घडते. पान दिसतंय पण काही हलत नाही, अशी तक्रार असेल तर ब्राउझरचा कन्सोल उघडून बघायचा.

पान मुळीच दिसत नसेल तेव्हा मात्र लॉगच खरं सांगतो. कॉन्फिग फाइलमध्ये डीबग आणि डीबग लॉग हे दोन पर्याय चालू करायचे आणि चुका पडद्यावर दाखवणारा तिसरा बंद ठेवायचा. मग कंटेंट फोल्डरमध्ये ‘डीबग डॉट लॉग’ तयार होते. त्यातली ‘फेटल एरर’नं सुरू होणारी ओळ शेवटपर्यंत वाचावी. ओळीच्या पहिल्या भागात तांत्रिक भाषा असते, ती कळली नाही तरी चालेल. शेवटच्या भागात फाइलचा पूर्ण पत्ता असतो, आणि त्या पत्त्यात ‘प्लगइन्स’ या शब्दानंतर येणारं फोल्डरचं नाव म्हणजेच अडलेल्या प्लगइनचं नाव. एफटीपीनं त्या एकाच फोल्डरचं नाव बदललं की वर्डप्रेसला ते प्लगइन सापडत नाही, ते बंद होतं आणि साइट उघडते. लॉग मिळत नसेल तर अख्ख्या प्लगइन्स फोल्डरचं नाव बदलून बघायचं. सगळी बंद पडतील, मग नाव पूर्ववत करून एकेक चालू करत दोषी कोण ते शोधायचं. काम झाल्यावर डीबग बंद करून ती लॉग फाइल पुसायला विसरू नये, कारण अनेक सर्व्हरवर ती कुणालाही पत्ता टाकून वाचता येते.

रिकव्हरी मोडचा ईमेल बऱ्याच जणांना मिळतच नाही. प्रशासक म्हणून दिलेला पत्ता तीन वर्षांपूर्वी संस्था सोडून गेलेल्या माणसाचा असतो, किंवा सर्व्हरवरून मेल बाहेर जात नसतो. सेटिंगमधला पत्ता बदलणं आणि एक चाचणी मेल पाठवून बघणं हे आज, साइट चांगली चालू असताना, करून ठेवण्यासारखं काम आहे.

डेटाबेसची एकेरी वाट

फाइल्स मागे नेता येतात, डेटाबेसचं तसं नाही. नवी आवृत्ती कधी तक्त्यांची रचना बदलते, कधी जुनी माहिती नव्या ठिकाणी हलवते. हा बदल उलटा करण्याची सोय सहसा दिलेली नसते. म्हणून नुसत्या जुन्या फाइल्स परत चढवल्या तर जुना कोड आणि नवा डेटाबेस अशी न जुळणारी जोडी तयार होते. ऑनलाइन दुकान चालवणाऱ्यांसमोर तर याहून कठीण पेच येतो. सकाळच्या अपडेटचा बिघाड संध्याकाळी कळला आणि कालचा डेटाबेस परत आणला, तर दिवसभरातल्या ऑर्डर्स पुसल्या जातात. पैसे आलेले असतात, पण ऑर्डरची नोंद नसते. म्हणूनच अशा साइटवर अपडेट गर्दी नसलेल्या वेळी, दुकान थोडा वेळ बंद ठेवून आणि लगेच एक ऑर्डर टाकून बघूनच करावं.

मराठी साइट्सना आणखी एक काळजी घ्यावी लागते. बॅकअप परत आणताना डेटाबेसची अक्षरसंहिता चुकली, तर सगळा देवनागरी मजकूर प्रश्नचिन्हांत किंवा निरर्थक चिन्हांत बदलतो. अनोळखी चिन्हं दिसत असतील तर मजकूर बहुधा शाबूत असतो, फक्त चुकीच्या संहितेत वाचला जातोय. त्याची प्रश्नचिन्हं झाली असतील तर त्या प्रतीतला मूळ मजकूर गेला. तसंच, मायएसक्यूएल ८ वरून घेतलेला बॅकअप मारियाडीबीच्या जुन्या सर्व्हरवर चढवताना ‘अनोळखी कोलेशन’ म्हणून नाकारला जातो, कारण त्या आवृत्तीची नवी वर्गवारी त्याला ठाऊक नसते. बॅकअप परत आणल्यावर पहिल्यांदा एखादा जोडाक्षरांनी भरलेला जुना लेख उघडून वाचावा.

बॅकअप आहे, म्हणजे नेमकं काय आहे?

गिटलॅब या नामांकित सेवेची ३१ जानेवारी २०१७ ची घटना इथे आठवावी. डेटाबेसची प्रत जुळवण्याच्या गडबडीत एका अभियंत्याच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा, म्हणजे मुख्य डेटाबेसच पुसला गेला. बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं, की रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस ९.६ आवृत्तीवर होता आणि बॅकअप घेणारं साधन ९.२ चं चालवलं जात होतं. ते दर वेळी फसत होतं, आणि तसं कळवणारे ईमेल मेल-सुरक्षेच्या नियमांमुळे नाकारले जात होते. योगायोगानं एका अभियंत्यानं सुमारे सहा तास आधी हातानं घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सेवा उभी राहिली. मधल्या तासांची माहिती गेली ती गेलीच.

हे सगळं गिटलॅबनं स्वतः जाहीर केलं, आणि त्याबद्दल कृतज्ञ राहायला हवं. निष्णात अभियंत्यांच्या संस्थेत हे घडू शकतं, तर वाचनालयाच्या साइटवर नक्कीच घडू शकतं. बॅकअपला बॅकअप म्हणावं ते तो एकदा परत चढवून, साइट उघडून बघितल्यावर. फाइल्स आणि डेटाबेस दोन्हींची एकाच वेळची प्रत हवी, आणि तिची एक नक्कल त्या सर्व्हरबाहेर हवी. त्याच होस्टिंगच्या त्याच खात्यात ठेवलेला बॅकअप डिस्क भरवतो, अपडेट अडवतो आणि खातं बंद पडलं की साइटबरोबरच जातो.

चूक वरूनच आली तर

अपडेट स्वतःच सदोष असण्याचे प्रसंग थोडे आहेत, पण आहेत. ५ फेब्रुवारी २०१८ रोजी आलेल्या ४.९.३ मध्ये आपोआप अपडेट करताना होणाऱ्या चौकशा कमी करण्यासाठी एक बदल केला होता. त्यात राहून गेलेल्या चुकीमुळे आपोआप अपडेट करणारी यंत्रणाच कोसळू लागली. दुसऱ्याच दिवशी ४.९.४ आली, पण ती आपोआप बसणार कशी? ज्या साइट्सनी ४.९.३ आपोआप घेतली होती, त्यांच्या मालकांना आत जाऊन बटण दाबावं लागलं. ऑक्टोबर २०२० मध्ये ५.५.२ मधला एक दोष थांबवण्याच्या खटपटीत ५.५.३ ची अल्फा आवृत्ती चुकून काही साइट्सवर आपोआप पोचली. दोन्ही वेळा सुधारणा चोवीस तासांच्या आत आली.

यावरून स्वयंचलित अपडेट बंदच ठेवावं, असा निष्कर्ष काही जण काढतात. पण दुसरी बाजूही बघायला हवी. २६ जानेवारी २०१७ रोजी आलेल्या ४.७.२ नं एक गंभीर छिद्र बुजवलं. त्यातून पासवर्डशिवाय कुणाच्याही लेखातला मजकूर बदलता येत होता. स्वयंचलित अपडेट्स पसरायला वेळ मिळावा म्हणून ही बाब सुमारे आठवडाभर जाहीर केली गेली नाही. ती जाहीर झाल्यावर ज्यांनी अपडेट घेतलं नव्हतं, त्यांच्या साइट्सवरची पानं फार मोठ्या संख्येनं विद्रूप केली गेली. त्याआधी, १५ ऑक्टोबर २०१४ रोजी ड्रुपल ७ मधलं छिद्र जाहीर झालं. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकानं सांगितलं की घोषणेनंतरच्या सात तासांत अपडेट न केलेली प्रत्येक साइट घुसखोरांच्या हाती गेली आहे असं धरून चाला. नंतर केलेल्या अपडेटनं दार बंद होत होतं, पण आत आलेला तिथेच राहत होता.

थीमबरोबर फुकट मिळालेल्या प्लगइन्सची गोष्ट याहून अवघड. डिसेंबर २०१४ मध्ये रिव्होल्यूशन स्लायडरच्या जुन्या छिद्रातून मोठा संसर्ग झाला आणि गुगलनं अकरा हजारांहून अधिक डोमेन काळ्या यादीत टाकली. हा स्लायडर अनेक थीम्सच्या पोटात बांधलेला होता. तो आपल्या साइटवर आहे हेच मालकांना ठाऊक नव्हतं, आणि त्याच्या अपडेटची सूचनाही त्यांना मिळत नव्हती. परवाना संपलेल्या सशुल्क प्लगइन्सची स्थिती आजही अशीच असते. नवी आवृत्ती दिसते, पण ‘पॅकेज उपलब्ध नाही’ असं म्हणून अडते. अशा प्लगइनच्या परवान्याचं नूतनीकरण करावं, नाहीतर ते काढून टाकावं.

पुरवठ्याचा प्रश्न

सप्टेंबर २०२४ मध्ये या विषयाला एक नवीच बाजू जोडली गेली. वर्डप्रेसच्या अधिकृत भांडाराचे चालक आणि डब्ल्यूपी इंजिन ही होस्टिंग कंपनी यांच्यातला वाद चिघळला आणि २५ सप्टेंबरला त्या कंपनीच्या सर्व्हर्सना भांडारातून अपडेट्स मिळणं बंद झालं. मध्ये थोड्या दिवसांची सवलत मिळाली, कंपनीनं स्वतःची पर्यायी व्यवस्था उभी केली, आणि १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयानं प्रवेश पूर्ववत करण्याचा अंतरिम आदेश दिला. या काळात ज्यांचं अपडेट अडलं, त्यांच्या फाइल्स, परवानग्या, पीएचपी सगळं ठीक होतं. अडचण पुरवठ्याची होती.

पुढे जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘फेअर’ हा विकेंद्रित वितरणाचा प्रकल्प जाहीर झाला. त्याचं यश काळ ठरवेल. पण कोड खुला असणं आणि त्या कोडची अपडेट्स कुणावर अवलंबून न राहता मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं या वादानं सर्वांना दाखवून दिलं. आपण वापरत असलेल्या प्रत्येक प्लगइनची झिप फाइल स्वतःकडे ठेवून देणं हा लहान साइटच्या मालकाला परवडणारा विमा आहे.

काय करावं, कोणत्या क्रमानं

अपडेट अडलं की पहिल्यांदा हात थांबवावा. पुन्हा पुन्हा बटण दाबल्यानं ‘दुसरं अपडेट सुरू आहे’ असं कुलूप तेवढं लागतं, आणि ते सुटायला पंधरा मिनिटं जातात. पडद्यावरचा संदेश शब्दशः लिहून घ्यावा किंवा त्याचा फोटो काढावा, वेळ नोंदवावी. मग वरच्या क्रमात अपडेट कुठवर पोचलं ते ठरवावं: उतरलंच नाही, उलगडलं नाही, फाइल्स हलल्या नाहीत, की सगळं होऊन कोड कोसळला? त्यानुसार जागा, मालकी, ‘डॉट मेंटेनन्स’ किंवा लॉग बघावा. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा. होस्टिंगच्या मदतकक्षाला फोन करताना हे टिपण हाताशी असलं, की पलीकडचा माणूसही नेमकं उत्तर देऊ शकतो. बॅकअप परत चढवणं हा शेवटचा उपाय ठेवावा, आणि तो करण्याआधी बिघडलेल्या साइटचीही एक प्रत घ्यावी, कारण बिघाडाचे पुरावे तिच्यातच असतात.

चांगल्या दिवसांतली तयारी याहून मोलाची. सुरक्षेची लहान अपडेट्स आपोआप होऊ द्यावीत. मोठी आवृत्ती आधी साइटच्या चाचणी प्रतीवर बसवून बघावी. पीएचपी बदलण्याआधी प्लगइन्स आणि थीम अद्ययावत करावी. न वापरलेली प्लगइन्स नुसती बंद न ठेवता काढून टाकावीत. वर्षानुवर्षं अपडेट न आलेल्या प्लगइनला पर्याय शोधावा. आणि हे सारं एकाच माणसाच्या डोक्यात न ठेवता संस्थेच्या वहीत लिहावं: होस्टिंग कुठे, डोमेन कुणाच्या नावावर, बॅकअप कुठे जातो, तो परत कसा चढवायचा.

गेल्या काही वर्षांत वर्डप्रेसनं मागे फिरण्याच्या चांगल्या सोयी दिल्या आहेत, पण त्या कोसळलेल्या कोडपुरत्या आहेत. बदललेला डेटाबेस, भरलेली डिस्क, चुकीचा ईमेल पत्ता आणि न तपासलेला बॅकअप यांची काळजी कुठलीही नवी आवृत्ती घेणार नाही. ती साइट चालवणाऱ्यालाच घ्यावी लागेल. एखाद्या वाचनालयानं किंवा मासिकानं वीस वर्षांचा मजकूर वेबसाइटवर आणून ठेवला असेल, तर तो पुढच्या वीस वर्षांनंतरही वाचता यायला हवा. त्यासाठी अपडेटचं बटण दाबता यायला हवं, आणि ते दाबायचं धैर्य येतं ते काल परत चढवून पाहिलेल्या बॅकअपमधून.